मंगळवारी बंद असणारी बाग

मंगळवार, संध्याकाळ. रुवैस, आखात.

शेजारची वीणा नवऱ्याबरोबर फ्रान्समधल्या त्या जुन्या दगडी गावात पोचली. गाव मी शोधलेलं, आजूबाजूचे किल्लेही मीच निवडलेले. रिफायनरीत दुरुस्तीचं शटडाऊन लागलं नि आमच्या यांची रजा रद्द झाली, म्हणून अख्खा प्लॅन मोठ्या मनाने तिला दिला. मोठं मन कसलं! किल्ल्यामागची गुलाबांची बाग मंगळवारी बंद असते, तेवढं सांगितलं नाही. मुद्दाम.

आत्ता तिचा फोटो आला. फाटकाला हे एवढं कुलूप. दोघं पायरीवर बसून एकच पाव मोडून खातायत, हसतायत. खाली लिहिलंय, "बाग बंद होती गं, पण काय मजा आली!"

कुलूप बघायला फोटो मोठा केला आणि तो पावच बघत बसले. हे आजही प्लांटवरच जेवणार.