पॅरिस डिझाइनची चादर

२ सप्टेंबर १९७६, सोलापूर
मी पॅरिसला चाललो! मालकांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं, म्हणून तिथल्या प्रदर्शनात आपल्या चादरी मांडायला मी. मालकांसाठी वाईट वाटलं. दहा मिनिटं. त्यांनी कॉटवरूनच ऑर्डर दिली: आयफेल टॉवर डोळ्यांनी बघायचा, समोर बसून ग्राफपेपरवर उतरवायचा, दिवाळीला ‘पॅरिस डिझाइन’ बाजारात. जमलं तर मी हेड डिझायनर. नाही तर आमचा दुसरा डिझायनर भिमा. तो माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे आणि सारखी शीळ घालतो.
जमणारच.

५ सप्टेंबर
माझ्याकडे बूट नाहीत. साडू मायाप्पा वीज मंडळात लाइनमन, त्याचे ड्यूटीचे आणले. म्हणाला, बूट सरकारी हायत, जपून वापर, न्हाय तर मला खांबावर अनवाणी चढावं लागंल. एक नंबर लहान आहेत. हरकत नाही, विमानात चालायचं कुठं असतं? शरणम्माने चाळीस कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी बांधली. बायको असावी तर अशी.
संकल्प: सहा दिवस, रोज दोन ऐतिहासिक स्थळं. एकूण बारा.

९ सप्टेंबर, पॅरिस
हॉटेल शहराच्या पार टोकाला. बरोबरच्या सगळ्या प्रदर्शनवाल्यांनी कुरकुर केली. मी पडदा सरकवला आणि ओरडलोच. समोर शेतात साक्षात आयफेल टॉवर! लोक तिकीट काढून, रांग लावून बघतात. मला कॉटवरून!
कुणाला सांगितलं नाही. खोलीत गर्दी होईल.

१० सप्टेंबर, रात्री
स्थळ क्रमांक एक, नोत्र दाम. शेवटी देवाचं घर, म्हणून बूट दाराशी काढून ठेवले. (भक्तीने. बूट चावत होते त्याचा संबंध नाही.) आत छत इतकं उंच की मान अवघडली. रंगीत काचांचं डिझाइन उशीच्या अभ्र्याला चालेल.
बाहेर आलो तर बूट नाहीत. मग लक्षात आलं, मी दुसऱ्याच दाराने निघालो होतो. पहिलं दार शोधलं. तिथंही नाहीत. की ते तिसरं होतं? चपला सांभाळणारी बाई कुठं दिसेना, नारळवाली दिसेना. एवढं मोठं देवस्थान! मोज्यांवर परत आलो.

११ सप्टेंबर
पाय सुजले. सर्दी. लूव्र रद्द. तिथल्या चित्रात एक बाई हसते म्हणे. हसू दे.

१३ सप्टेंबर
आमचा लीडर, दिल्लीचा साहेब, सगळ्यांना बसने आयफेल टॉवरला घेऊन गेला. मला स्वतःच्या स्लिपर देत होता. मी नुसता हसलो आणि खिडकीशी ग्राफपेपर घेऊन बसलो.
चार पाय, वर सहा हात. दोन्ही बाजूंना तारा. वाऱ्याने पडू नये म्हणून बांधला असणार, जुनं बांधकाम. फोटोत दिसते ती खालची कमान प्रत्यक्षात नाही. हे लोक फोटोतसुद्धा फार वाढवून दाखवतात! पायाशी एक गाय चरत होती, तीही घेतली.
लीडरने माझ्यासाठी टॉवरचं पोस्टकार्ड आणलं. पाकीट फोडलंसुद्धा नाही. कॉपी करणारा मी नव्हे.
स्थळं: दोन. पण सखोल.

४ ऑक्टोबर, सोलापूर
तीनशे चादरी विणून तयार. लाल जमिनीवर निळा टॉवर, पांढरी गाय. मालक अजून घरीच, त्यांना एकदम मालच दाखवणार. भिमाने मागावर बघितलं, शीळ थांबवली आणि तारा कशाच्या म्हणून विचारलं. म्हटलं, तू पॅरिसला गेलायस का?

१५ ऑक्टोबर
आज दुकानात पेढे, हार, मालक खुर्चीत. मायाप्पा बूट मागायला आला होता, त्यालाही बसवलं. मी स्वतः चादर उलगडली.
मायाप्पा उठून जवळ आला. म्हणाला, आरं, ह्यो तर हाय टेन्शनचा टॉवर की! सहा हात बोटाने मोजून दाखवले. म्हणाला, लई बेस काढलाय, पन धोक्याची पाटी कुटं हाय?
मी म्हटलं, कॉपी नाही, लीडरने दिलेल्या पोस्टकार्डाचं पाकीटसुद्धा फोडलेलं नाही. मालकांनी ते पोस्टकार्ड मागवलं. पाकीट फोडलं. एकदा पोस्टकार्डाकडे, एकदा चादरीकडे, मग माझ्याकडे बघितलं. गाईबद्दल काही विचारलं नाही.
पेढे भिमाने वाटले.

१८ ऑक्टोबर
मायाप्पाच्या युनियनने तीनशेच्या तीनशे चादरी उचलल्या. लाइनमन लोकांना दिवाळी भेट. मालक खूश. हेड डिझायनर भिमा. वाईट वाटलं. दहा मिनिटांत जाईल म्हटलं, अजून गेलेलं नाही.
तरी मालकांचा माझ्यावर भरवसा आहे. पुन्हा बाहेर पाठवतायत. डेगावच्या सबस्टेशनला. युनियनला पुढच्या वर्षी चादरीवर ट्रान्सफॉर्मर पाहिजे, समोर बसून काढलेला.
मायाप्पा त्याचे नवे बूट घेऊन आला. म्हणाला, घाल. आनि तितं आत जाताना काढू नगंस.