पसा, ओंजळ आणि भावोजींचा पंजा

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे आता कुरकुरत नसतील. भावोजी काल दुपारच्या गाडीने घरी पोचलेच असतील आणि माझ्या नावाने खडे फोडून झालेही असतील, तेव्हा खरं काय घडलं ते कळवतो. रागावून नव्हे. मला त्याचं काहीएक वाटत नाही.

त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गेले तीन आठवडे आम्ही साप्ताहिकातलं 'संबंध ओळखा' कोडं मिळून सोडवत होतो. मी वाचायचं, त्यांनी ऐकायचं. (पट्टी एकाच डोळ्यावर, पण ऐकताना दुसराही मिटून बसायचे.) नियम एकच, दोघांचं एकमत झाल्याशिवाय चौकटीला शाई लावायची नाही. बुधवारी प्रश्न आला : चिमटीच्या पुढे जशी मूठ, तसं पशाच्या पुढे काय? ते म्हणाले, ओंजळ. पसा एका हाताचा, ओंजळ दोन हातांची. मी म्हटलं, छे, पसाही दोन हातांचाच, म्हणजे प्रश्नच चुकलाय. झालं! दोन दिवस समोरचा चहा गार होत राहिला. शेवटी काल सकाळी वाण्याकडे गेलो. त्याच्या पोत्यातून त्यांनी एका हाताने तांदूळ उचलले, मी दोन हातांनी, आणि दोन्हींचं वजन भरलं अगदी सारखं! वाण्याने विचारलं, "आजोबा, तांदूळ घ्यायचेत की नुसते खेळायचेत?" मग घ्यावे लागले. वाटेत मी सहज म्हटलं, भावोजी, हा पंजा आहे की फावडं? एवढंच. त्यांनी तडक घरी येऊन बॅग भरली. या वयात इतकं नाकावर राग घेऊन फिरणं शोभतं का, तूच सांग.

असो. त्यांनी तिकडेच आराम करावा. मलाही घर कसं शांत मिळालंय.

तुझा,
धाकटा

ता. क. डोळ्यात घालायचं औषध इथेच विसरलेत. ते या पत्रासोबत शेजारच्या कंडक्टरच्या हाती पाठवतोय. सोमवारी डॉक्टरांनी तपासायला बोलावलंय, तेव्हा त्यांना उद्याच इकडे पाठव.

आणखी एक. कोश मी बुधवारीच पाहिला होता. पसा एका हाताचाच. लगेच कोश माळ्यावर टाकला. तू बोलू नकोस, मीच सांगेन त्यांना. चौकट अजून कोरीच आहे. एकट्याने शाई लावायची नाही ना. घर खायला उठलंय गं, ताई.