पाठ करून बसलेली

मावशी, घरात नवीन मांजर आणली आहे आणि मला भीती वाटून राहिली आहे. हसू नको. अख्खी नोकरी शाळेत पोरांना दरडावण्यात गेली आणि आता मुठीएवढ्या पिल्लाला घाबरते, असं तू म्हणशील. पण भीती पिल्लाची नाही गं. इथे पांढुर्ण्याच्या घरात आधीच दोन मांजरं आहेत. एक म्हातारी कबरी, ठार बहिरी, दात बहुतेक गेलेले, पोळी दुधात कुस्करून द्यावी लागते. ती दिवसभर तुझ्या शिलाई मशीनवर बसते, झाकणावर गोधडीचा तुकडा टाकून दिला आहे. दुसरा बोका, तरणाताठा, दांडगट. म्हातारीची बहीण होती तोवर बोका तिच्याशी मस्ती करायचा. ती गेल्या उन्हाळ्यात मेली आणि हा मेला म्हातारीच्या मागे लागला. दबा धरून बसतो, झेप घालतो, ती फिसकारते आणि थरथरते. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, "मॅडम, एखादं पिल्लू आणा. हा त्याच्यासंग खेळेल, म्हातारीला सोडेल. पण पाहून आणा बरं. चुकीचं आलं तर म्हातारीच घर सोडून जाईल, आणि या वयात बाहेर गेलेली मांजर काही वाचत नाही." सहज बोलून त्यांनी पुढच्या बकरीला हात लावला. मला काय आठवलं, ते फक्त तुला माहीत आहे.

आई गेली तेव्हा मी दुसरीत होते. वर्ष सरायच्या आत बाबांनी दुसरं लग्न करून तुला मोहगावहून सौंसरच्या घरी आणलं. शेजारच्या बायका मला पुढे ढकलतात, "जा व, मायजवळ जा," आणि मी ओरडते, "ही माही माय नाही!" तू डोक्यावरचा पदर सावरतेस आणि हळूच म्हणतेस, "राहू द्या जी. मावशी म्हणू द्या तिले." तो शब्द मग जन्माचा चिकटला. मी पळून स्वयंपाकघरातल्या खाटेखाली गेले, तिथे आईची राखाडी मांजर आधीच लपून बसली होती. घरात माणसं आली की ती तिथेच असायची. थोड्या वेळानं तू आत आलीस, वाकून खाटेखाली पाहिलंस, तुला दोन जोड डोळे दिसले असतील. आणि तू काय केलंस, तर सूप घेतलंस, आमच्याकडे पाठ करून बसलीस आणि तूर निवडायला लागलीस. दुपार सरली तरी वळून पाहिलं नाहीस. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्याही. फक्त भाकरी आणि दूध मागे सरकवून ठेवायचीस. या बाईला माझं तोंड पाहायची इच्छा नाही, अशी खूणगाठ मी तेव्हा बांधली आणि कॉलेजात जाईपर्यंत सोडली नाही.

मग बाळंतपणाला तुझ्याकडे आले असताना तू मला शेक द्यायला बसली होतीस, आणि तुला काय आठवलं कोण जाणे. म्हणालीस, "मले तुयंच भेव लागे व. वाटे, वळून पाह्यलं तं पोरगी अजून आत घुसन. नाहीतर चावन. म्हणून पाठ करून बसे." आणि तोंडात पदर कोंबून हसलीस. मीही हसले. तू मला घाबरायचीस, हे मला पुष्कळ दिवस खरंच वाटेना.

पण दुसरी एक गोष्ट आपण दोघींनी कधीच काढली नाही. तू आलीस त्याच्या पुढच्या वर्षी माहेरहून पिवळं पिल्लू आणलंस. परतीचा रस्ता कळू नये म्हणून पोत्यात घातलेलं, तोंड सुतळीनं बांधलेलं. माझ्यासाठीच आणलं होतंस. पोरगी हसेल, दोन शब्द बोलेल, एवढीच तुझी आशा. मोहगावात मांजर आणली की पोतं थेट चुलीपुढे सोडायचं, म्हणजे तिला घर कळतं, अशी तुमची रीत. तू सुतळी सोडतेस, पिल्लू टुणकन बाहेर उडी मारतं, आणि आईची मांजर समोर उभी. तिचे केस ताठ. एकदाच गुरगुरली, खिडकीवर चढली आणि गेली. ती परत आलीच नाही. मी उंबऱ्यात बसून राहिले. तू दुधाची वाटी घेऊन सौंसरच्या गल्ल्या पालथ्या घातल्यास. "ये व माय! ये व, माय माही!" आपल्याकडे गाईला, मांजरीला, रडणाऱ्या पोरीलाही माय म्हणतात, हे आता कळतं. तेव्हा मला वाटे, तू माझ्या आईलाच हाका मारून राहिली आहेस. आणि मीही मनातल्या मनात म्हणे, ये ना. रोज संध्याकाळी तू जायचीस आणि वाटी भरलेलीच परत यायची. मग एक दिवस तू गेली नाहीस. पिवळं पिल्लू कुणाला तरी देऊन टाकलंस.

तर आता सांग, मला भीती वाटणार नाही तर काय! गेल्या आठवड्यात आम्ही बोरगावजवळच्या एका संत्र्याच्या बगीच्यात गेलो. ह्यांच्या मित्राचा बगीचा आहे, तिथल्या राखणदाराच्या खोलीमागे मांजर व्यायली होती. निघताना हे म्हणाले, "एक पोतं घेऊन घे." मी इतक्या जोरात "पोतं नको!" म्हणाले की ते दचकले. झाकणाची टोपली घेतली. राखणदाराच्या बायकोनं खोक्यातून तीन पिल्लं बाहेर काढली. पांढरं एकदम धीट, माझ्या पदराला लोंबकळलं, ह्यांच्या चपलेशी भांडलं. दुसरं पांढऱ्याच्याच मागे मागे. तिसरी काळी-तपकिरी, ती जरा दूर गेली, आमच्याकडे पाठ करून बसली आणि पाय चाटायला लागली. "पांढरी घे ना," हे म्हणाले, "कशी ऐटबाज आहे! ही तर आपल्याकडे पाहूनही नाही राहिली." राखणदाराची बायकोही म्हणाली, "ते तं खुळी हाये जी बाई. कोनाच्या अंगावर जात नाही, कोनाले अंगावर येऊ देत नाही." मला काय झालं कोण जाणे. मी तिच्या त्या इवल्याशा पाठीकडे पाहत राहिले आणि म्हटलं, हीच. गाडीत बसल्याबरोबर मनात आलं. अगं, मांजर निवडली की तुझी आठवण निवडली? आणि आठवणीपायी म्हातारीचा जीव गेला तर? सौंसरवरून येताना आपल्या जुन्या घराच्या गल्लीकडे मी मान वळवली नाही.

डॉक्टरांनी सांगितलं तसं सगळं केलं. पिल्लू मागच्या खोलीत बंद. तिच्या अंगाखालचं फडकं म्हातारीजवळ, म्हातारीच्या गोधडीचा तुकडा तिच्याजवळ, म्हणजे वासाची ओळख आधी व्हावी. म्हातारीनं फडकं हुंगलं आणि तोंड फिरवलं. बोका दाराच्या फटीत पंजा घालून बसायचा. मी दिवसातून कितीदा कडी तपासायची, त्याला सुमार नाही. हे चिडायचे, "अगं, मांजर आणली की वाघ?" आणि आज दुपारी ह्यांनीच झाडू आणायला खोली उघडली आणि दार तसंच टाकून फोनवर बोलत अंगणात गेले. मी बाजारातून आले तर मागच्या खोलीचं दार सताड उघडं, अंगणाचंही. पिल्लू नाही. बोका माळ्यावर, शेपूट फुगवून. आणि मशीनवर नुसती गोधडी.

माझ्या हातातली पिशवी तिथेच पडली, टमाटे घरभर झाले. मी गच्चीवर गेले, टाकीमागे पाहिलं, शेजारच्यांचं न्हाणीघर पाहिलं, नालीत वाकून पाहिलं. हे मागून "मिळेल गं, जाते कुठे" म्हणत येऊन राहिले होते. मी त्यांच्यावर अशी खेकसले की गल्लीतल्या बायका बाहेर आल्या. मनात एकच, गेली, ही पण गेली, आणि ह्या वेळी पोतं मी सोडलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेले, घसा बसेपर्यंत हाका मारल्या आणि परत आले. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात शिरले.

तांदळाच्या कोठीमागे, भिंतीच्या अंधाऱ्या फटीत, म्हातारी बसली होती. अंग चोरून, डोळे मोठ्ठाले. आणि कोठीपुढे ती काळी-तपकिरी, म्हातारीकडे पाठ करून, सावकाश पाय चाटत. वळून पाहत नव्हती. मी तिथेच फरशीवर बसले. हलले नाही. किती वेळ गेला, ठाऊक नाही. मग म्हातारीनं मान पुढे काढली आणि तिच्या शेपटीचं टोक हुंगलं. फिसकारली नाही. परत आत गेली. बस, एवढंच. पण घरात आहे.

उद्याचं मला माहीत नाही. बोका काय करेल, म्हातारी खाईल का, काही सांगता येत नाही. हे लिहितानाही मी दोनदा उठून पाहून आले, दोघी तिथेच आहेत. तू असतीस तरी हा कागद मी तुला दिला नसता. "एवढं लिहीत बसली, तोंडानं सांगता येत नाही काय व?" म्हणाली असतीस. तोंडानं नाहीच सांगता आलं कधी. आज गल्लीत मी काय हाका मारून राहिले होते, ते किराणावाल्यानंही ऐकलं. "ये व माय! माय माही, ये व!" म्हातारी ठार बहिरी आहे, मावशी. हे मला ओरडतानाही माहीत होतं.