तू असलास की चालतो

३ फेब्रुवारी, सोमवार

भाऊजींनी आज पुन्हा नापासाची लाल चिठ्ठी चिकटवली. माझ्या पॉवर सप्लायला! नवजात बाळांना उबेत ठेवायच्या काचपेटीला वीज पुरवणारा हा डबा — दीड वर्ष राबलोय त्याच्यावर. आणि तपासणीला कोण? तर ताईचा नवरा. पंखेदुरुस्तीचं दुकान बुडालं म्हणून मीच इथे कंपनीत लावून दिलेला. तक्रार काय, तर मध्येच बंद पडतो. का पडतो विचारलं तर खांदे उडवतात. बोर्डावर फुंकर मारून बघतात. फुंकर! चहा आहे का तो?

४ फेब्रुवारी

त्यांच्या टेबलावर जाऊन मोजलं. माझा प्रोब घेऊन गेलो — स्कोपला, म्हणजे विजेची रेघ दाखवणाऱ्या यंत्राला, जोडून सर्किटला लावायची ही सुई मी कुणाला देत नाही. इथल्या लोकांच्या हाती दिली तर दात कोरतील तिने. पडद्यावर रेघ कशी, सरळसोट! भाऊजी मॅच बघावी तसे बघत होते. प्रोब काढला, खिशात घातला, निघालो. जिना चढतोय तोच मागून हाक — बंद पडला म्हणे. परत गेलो, प्रोब लावला, चालू केला. ठणठणीत.

"तू असलास की चालतो रे," म्हणतात. "तू गेलास की बंद पडतो."

घाबरत असेल मला. चला, या इमारतीत निदान कुणीतरी घाबरतं.

६ फेब्रुवारी

मीटिंग. साहेबांना सर्किटमधलं ओ की ठो कळत नाही, पण मान अशी हलवतात की वाटावं यांनीच वीज शोधली. खरेदीवाला नुसता डुलक्या काढत होता. माल कधी निघणार, एवढाच साहेबांचा प्रश्न. आणि भाऊजी सही करायला तयार नाहीत! आत बाळ असणार म्हणे. जसं काही मला माहीतच नाही.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. दोष डब्यात की माणसात? "तुमचेच नातेवाईक. तुम्हीच सांगा."

सांगितलं. माणसात. हाताला वळण नाही, जोडण्या ढिल्या ठेवतात.

७ फेब्रुवारी

भाऊजींना काढलं. जाताना साहेबांना म्हणाले, आणखी थोडे दिवस चालवून बघा. नाटकं नुसती.

९ फेब्रुवारी, रविवार

ताई आली. चप्पलसुद्धा काढली नाही, दारातच उभी. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं, माझ्यासाठी स्वतःचं कॉलेज सोडलं. एरवी आली की आधी स्वयंपाकघरात शिरते.

"एवढंच सांग. ते खोटं बोलत होते का?"

म्हटलं, खोटं नाही गं, त्यांना कळत नाही. ताई जिना उतरली. बायको तेव्हापासून माझ्यासमोर ताट आपटते. अख्ख्या खानदानात अक्कल मला एकट्याला, आणि गुन्हेगारही मीच!

११ फेब्रुवारी

सही मीच ठोकली. माल उद्या संध्याकाळी निघतो.

१२ फेब्रुवारी

तपासणीला दुसरं कुणी मिळेना, म्हणून शेवटचा डबा मीच बघायला बसलो. भाऊजींच्या टेबलावर. त्यांच्या त्या डुगडुगत्या खुर्चीत. प्रोब लावला, रेघ सरळ. प्रोब काढून खिशात घातला. एरवी इथून उठतो. आज टेबल माझंच, तेव्हा तिथेच डबा सोडून जेवायला बसलो.

दुसरा घास तोंडात, आणि खट्ट. डब्यावरचा दिवा गेला.

प्रोब लावला, चालू केला. चालला. प्रोब काढला. थोड्या वेळाने खट्ट. पुन्हा तेच. पुन्हा तेच. दुसरा सप्लाय घेतला. तेच!

प्रोबच्या आत विजेचे हेलकावे शोषणारा इवलासा कपॅसिटर असतो. माझ्या सर्किटला इतके दिवस तोच सावरत होता. सायकल शिकवणाऱ्याने मागून धरून ठेवावी तसा. कंपनीत नव्याने लागलेल्या पोरांना मी हेच शिकवतो — मोजायला गेलात की मोजायची वस्तू बदलते. आणि भाऊजी तोंडावर सांगत होते. तू असलास की चालतो.

धावत खाली गेलो. ट्रकमध्ये खोकी चढत होती. उतरवायला लावली. साहेबांना सांगितलं, दोष डब्यात आहे. माझ्या. ते काय ओरडले ते ऐकूच आलं नाही. लाज वाटली, फार लाज वाटली.

मग ताईला फोन लावला. भाऊजींनी उचलला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "माल थांबवलास ना रे?"