अर्धी टोपली

१४ मे १९८६, बुधवार

चार दिवस कमी पडतात. तीनदा मांडून पाहिलं, तरी चारच!

तलावाच्या मातीच्या पाळीत मधे राहिलेली खांड भरायला अजून सोळाशे सत्तर घनमीटर माती लागणार. माझ्याकडे बेचाळीस जोड्या. सगळ्या मिळून रोजची माती अठ्ठ्याऐंशी. म्हणजे एकोणीस दिवस. एकतीस तारखेपर्यंत बाजाराचे दोन रविवार वगळले तर हातात पंधरा.

उपअभियंता साहेब आज जीपमधून उतरलेही नाहीत. "एकतीसला खांड बंद दिसली पाहिजे. अर्धवट पाळीवर पाऊस आला तर खालच्या पळसटोल्याच्या सगळ्या धानाच्या बांध्या वाहून जातील. आणि कागदावर सही तुमची आहे." जीप गेली. धूळ माझ्या तोंडावर.

बापूराव मुकादमांना सांगितलं तर म्हणतात, "होऊन जाते साहेब. मानसं पाहून काम लावा लागते." माणसं पाहून! मग मी तीन वर्षं नागपूरला पॉलिटेक्निकात काय फळे पुसत होतो?


१५ मे

सिंधूचं पत्र नाही. ब्रह्मपुरीला तिच्या आईकडे आहे, म्हणजे काळजी नाही. तरी सासूबाईंना परत लिहिलं — तिला पाण्याची बादली उचलू देऊ नका.

इथं कुणालाच सांगितलेलं नाही. रजेच्या अर्जात "घरगुती कारण" एवढंच टाकलं. आईनं बजावलंय, पहिलटकरीण आहे, चारचौघांत बोलू नको. मी शिकलेला, बुद्धाचा, नजरबिजर मानत नाही. तरीही नाही सांगितलं. चहाच्या टपरीवर बापूरावांनी सरळ विचारलं, "घरी सगळं बरं हाये ना?" मी म्हणालो, हो, बरं आहे.


१६ मे, शुक्रवार

आज दिवसभर पळसाखाली घड्याळ घेऊन बसलो. मजा आली, खोटं कशाला बोलू!

इथं काम जोडीनं चालतं. नवरा खड्डा खोदतो, टोपली भरतो, बायकोच्या डोक्यावर चढवतो. ती पाळीवर नेऊन ओतते. खड्डा मोजायचा तो जोडीच्या नावावर. वर्षानुवर्षं असंच. जोडी म्हणजे जणू एकच माणूस.

आणि घोळ इथंच आहे. पत्रू आणि सीता दिवसाला तीन घनमीटरच्या वर काढतात. लहानू आणि कांता सव्वा! सगळ्यात तळाला. लहानू तर धडधाकट माणूस, कुदळ हाणतो तेव्हा जमीन हलते. मग अडतं कुठं? घड्याळ लावून पाहिलं. अर्धा वेळ लहानू कुदळीवर हात टेकून नुसता उभा. कांताची वाट पाहत. ती हळू चढते, हळू उतरते. म्हणजे खोदणारा वेगवान आणि वाहणारी संथ. तिकडे दोन-तीन जोड्यांत बरोबर याच्या उलट.

जोड्या तोडल्या तर? चांगल्या खोदणाऱ्यामागे तीन-तीन वाहणाऱ्या, मंद खोदणाऱ्यामागे एक. कुणी रिकामं उभं राहायलाच नको. आलेखाच्या कागदावर लाल-निळ्या पेन्सिलीनं मांडणी केली. रोजची एकशे सतरा माती निघते. एकतीसला खांड बंद!

स्वतःवरच खूश होऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.


१७ मे, शनिवार

नवी वाटणी वाचून दाखवली. सोमवारपासून लागू.

कुरकुर झालीच. दुसऱ्याच्या बाईच्या डोक्यावर टोपली कशी चढवायची, हा मोठा प्रश्न! मी म्हटलं, तोंड तिकडं करून चढवा. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बापूराव हसले नाहीत.

कांताला पत्रूच्या खड्ड्यावर टाकलं. तिथं सीता आहे, तिच्या मागोमाग चालेल, आपोआप पाय उचलेल. लहानूला पलीकडच्या टोकाला, दोन वाहणाऱ्या देऊन.

दुपारी लहानू आला. टोपी हातात. "साहेब, आमची जोड नका तोडू."

"का?"

खाली पाहत राहिला. अंगठ्यानं माती उकरत होता. "असंच."

"असंच हे काही कारण नाही, लहानू. कारण असेल तर सांग."

मग "बरं," म्हणाला आणि गेला. या लोकांना सवय मोडायची म्हटली की जिवावर येतं.


१९ मे

एकशे नऊ!


२० मे

एकशे अठरा!! साहेब स्वतः उतरले, पाळीवर चढले. पाठीवर थाप मारली. "हा कागद मला द्या, बाकीच्या कामांवरही लावू." आज पहिल्यांदा वाटलं की आपण इंजिनियर आहोत.

पत्रूचा खड्डा बघण्यासारखा. टोपली शिगोशीग भरतो आणि दणकन चढवतो. सीता पळते. कांताही पळते.


२१ मे

आज लिहवत नाही.


२२ मे, गुरुवार

लिहायलाच पाहिजे. निदान इथं तरी.

काल साडेअकराचा सुमार. मी माप घेत होतो. पाळीच्या चढावर टोपली पडल्याचा आवाज झाला. वळून पाहिलं तर कांता बसलेली, दोन्ही हात पोटावर. मला वाटलं ऊन लागलं. "पाणी द्या रे तिला," असं ओरडलो मी. पाणी!

केसरबाई धावली. ही म्हातारी कामावर पाणी पाजते आणि बायांची लेकरं सांभाळते. तिनं एकदा पाहिलं आणि सगळ्या बायांना हाक मारली. पातळांचा आडोसा केला. मला म्हणाली, "तुमी तिकडं व्हा साहेब." तेव्हा पायाशी रक्त दिसलं.

लहानू पलीकडच्या टोकाहून पळत आला. तिथंच पाठवलं होतं ना मी त्याला. सगळ्यात लांब.

अयूबभाई पाण्याचा टँकर चालवतो. त्यानं विचारलंसुद्धा नाही, नळ उघडून सगळं पाणी रस्त्यावर सोडून दिलं आणि कांताला पुढं सीटवर आडवं केलं. केसरबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन. लहानू मागं टाकीला धरून उभा. गडचिरोली चार तासांवर. मी खिशातले होते तेवढे पैसे अयूबभाईच्या हातात कोंबले. तो म्हणाला, "साब, जल्दी तो चला लेता, पर रस्ता देखो ना. हचके लगते उसको." आणि हळू हळू घेऊन गेला.

मी टँकरमध्ये बसलो नाही. काम चालू होतं.

आज अयूबभाई परतला. कांता वाचली. पाचवा महिना होता. लेकरू गेलं.


२३ मे, बुद्धपौर्णिमा

पहाटे नदीवर अंघोळ केली. खोलीतल्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, पंचशील म्हणायला बसलो. पहिल्याच शीलावर, जीवहत्या न करण्याच्या, अडकलो. दुसऱ्यावर जायचा धीर होईना. तसाच उठलो.

संध्याकाळी केसरबाई बसनं परत आली. तिच्या झोपडीवर गेलो. तिनं खाट टाकली, मी खालीच बसलो.

विचारलं, मला कुणी सांगितलं का नाही?

"काय सांगाचं? आमा सगळ्या बायाइले दिसत होतं. तुमाले नाई दिसलं?"

मी म्हटलं, मी समोर बसून दिवसभर तिच्या फेऱ्या मोजल्या होत्या.

"फेऱ्या मोजल्या. टोपलीत माती किती ते पाह्यली काय?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "लहानू तिले अर्धीच टोपली भरून दे. अर्धी टोपली, अन् सवडीनं जाय म्हने. पोरगी रागवे त्याच्यावर, लोकं हासतात म्हने, पुरी भर. तो काई भरे नाई. पत्रूले काय मालूम? अन् मालूम असतं तरी परक्याच्या बाईले अर्धी टोपली कसा देईन तो? लोकं काय म्हनतीन?"

"लहानू माझ्याकडे आला होता. मी कारण विचारलं. बोलला नाही."

"पहिलटकरीन हाये बाबू. नवरा आपल्या तोंडानं कसा सांगन? अन् तेही साहेबाले?"

अर्जात "घरगुती कारण" लिहिणारा मी! टपरीवर "बरं आहे" म्हणणारा मी! त्या दिवशी लहानू जे गिळत होता तेच मीही महिनाभर गिळतोय. जगात एका माणसाला त्याचं "असंच" कळायला हवं होतं, तर ते माझ्यासारख्यालाच. मी म्हटलं, असंच हे कारण नाही.

लहानू रिकामा उभा नव्हता. ती दम घेईपर्यंत थांबत होता. आणि तेच मी कागदावर लाल पेन्सिलीनं "वाया" म्हणून रंगवलं.


२४ मे

सकाळी हजेरीलाच सांगितलं, आपापल्या जोडीनं कामाला लागा. बापूराव फक्त म्हणाले, "बरं झालं." पत्रू कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, तुझी चूक नाही, माझी आहे. तो रडायला लागला. एवढा दांडगा माणूस.

माती पुन्हा अठ्ठ्याऐंशीवर आली. येऊ दे.


२६ मे

साहेब आले. त्यांना म्हटलं, त्या कागदात चूक आहे.

"कुठं? मी बेरजा तपासल्यात."

"बेरजेत नाही. एक बाई—"

"ऐकलं मी. वाईट झालं. पण ती पोटुशी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग तुमचा काय दोष? मनाला लावून घेऊ नका." कागदाची घडी घालून खिशात टाकली. मी हात धरायला हवा होता. फाडायला हवा होता तो कागद. मी पाहत राहिलो. जीप गेल्यावर सगळी वाक्यं सुचली, खणखणीत!

खरं सांगू? साहेब "तुमचा काय दोष" म्हणाले तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. त्याची लाज त्या कागदापेक्षा जास्त वाटते.


२८ मे

लहानू परत आला. कांता तिच्या आईकडे आहे म्हणे, मुलचेऱ्याच्या बाजूला. त्याच्यापुढं उभा राहिलो. पाठ केलेलं सगळं विसरलो. "लहानूभाऊ, माझ्यामुळं झालं," एवढंच कसंबसं.

तो म्हणाला, "कोनता खड्डा घेऊ साहेब?"


३१ मे

खांड बंद नाही. कांता नाही म्हणून शेजारच्या खड्ड्यांवरच्या बायका लहानूची माती वाहतात; त्याच्या खड्ड्याचं माप आज साडेचार. सगळ्या कामावर पहिला. पत्रूच्याही पुढं. एवढा वेग पहिल्यापासून होता त्याच्यात. माझ्या कागदावर तो तळाला होता.


५ जून

खांड आज बंद झाली. पाच दिवस उशिरा. आभाळात ढगाचा मागमूसही नाही. ते चार दिवस मला कशासाठी हवे होते?

पाच दिवसांच्या उशिराबद्दल साहेब एक शब्द बोलले नाहीत.


७ जून

सासऱ्यांचं कार्ड. मुलगी झाली. सिंधू आणि बाळ, दोघी सुखरूप.

कार्ड खिशात ठेवलं. तीनदा काढून वाचलं. अयूबभाईनं ओळखलं बहुतेक. "क्या हुआ साब, अच्छी खबर है?" मी म्हणालो, घरगुती आहे. रजा सोमवारनंतर घेईन. सांडव्याचं खोदकाम सुरू करून देतो आणि जातो. तिथं पोरीला हातात घेताना मला कांताचे हात दिसणार, पोटावरचे. माहीत आहे.


९ जून, सोमवार

कांता कामावर आली. निम्मी झालीय. मी म्हटलं, अजून पंधरा दिवस राहू दे. ती ऐकेना, घरी बसवत नाही म्हणाली. मग केसरबाईबरोबर सावलीत पाणी पाजायला बैस म्हटलं, तर टोपलीच उचलली. शेवटी मुद्दाम लहानूच्याच खड्ड्यावर दिली. सगळ्यात जवळचा खड्डा, चढ नाही. मनाशी म्हटलं, निदान एवढं तरी सरळ करतो.

लहानूनं टोपली अर्धी भरली. नेहमीसारखी. तिच्या डोक्यावर चढवायला वाकला.

तिनं चुंबळ डोक्यावरून काढून हातात घेतली.

"पुरी भर," म्हणाली. "आता अर्धी काऊन?"