डाव्या बाजूचं मागचं चाक

जुना जालना,
सोमवार

प्रिय साहेबराव,

सलाम आणि रामराम दोन्ही एकदम घे. रागावला असलास तर एक परत करायला तरी उरेल. प्रभावतीवहिनींचा गुडघा कसा आहे? छकुलीची परीक्षा झाली का? इकडे नसरीन बरी आहे, माझं पित्त जागेवर आहे, आणि तुझे आबा सुखरूप आहेत. हे शेवटचं खरं तर पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, कारण तू आधी तेच शोधणार. (कागद बदलून पुन्हा लिहिणार होतो. मग वाटलं, सुरुवातच नीटनेटकी दिसली तर तुला संशय येईल.)

पत्र अशासाठी, की फोनवर तू नुसतं "मुजाहिद, तुझ्यावर एक काम सोपवलं होतं," एवढं म्हणालास आणि मी "चूक माझीच" म्हणून मोकळा झालो. नंतर डायरी लिहायला बसलो तर कळेना, नेमकी कोणती चूक कबूल केली. म्हणून तो रविवार तुला सुरुवातीपासून सांगतो. निवाडा तूच कर.

काम सोपं होतं. आबांना गावातून घ्यायचं, अंबडवरून जालन्याला आणायचं आणि दोन चाळीसच्या पुण्याच्या गाडीत खिडकीजवळ बसवायचं. श्रावणात ते न्हाणीत पडले आणि दूधवाला येईपर्यंत दोन तास ओल्या फरशीवर पडून राहिले. तेव्हापासून "त्यांना एकटं ठेवू नकोस" असं मीच तुला तीनदा म्हटलं आहे, हे मी विसरलेलो नाही. माझं येणं आठवड्यातून एकदा, तेही रविवारी. बाकीचे सहा दिवस न्हाणी आणि आबा समोरासमोर.

मी साडेदहाला पोचलो तेव्हा ते तयार होऊन ओट्यावर बसले होते. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. सामान तीन नग: कपड्यांची बॅग, ज्वारीचं गाठोडं आणि लाल रेक्झिनची एक पिशवी. त्या पिशवीला मी हात घातला तर "राहू दे, ती मी घेतो" म्हणाले. जड होती. काय आहे विचारलं, तर म्हणाले, "कपडे." त्यांनी दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा उघडलं, आत जाऊन माईंच्या फोटोवरची धूळ पुसून आले आणि पुन्हा कुलूप लावलं. हे तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मी घड्याळाकडे पाहिलं. आपण माणूस म्हणून कसे आहोत हे अशा क्षणी कळतं. मला तरी त्या दिवशी बराबर कळलं.

अंबडच्या अलीकडे फाट्यावर, झुंबरबाईंच्या चहाच्या टपरीसमोर, बारा वीसला मागचं डावं टायर बसलं. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. घरात सांगण्यासारखा प्रसंग, असं मला वाटलं. (नसरीनचं मत आहे की मला बल्बही बदलता येत नाही.) चारही नट उभं राहून, नाचून, पान्यावर पाय देऊन काढले. गाडी जॅकवर चढवली, दोन्ही हातांनी चाक ओढलं, आणि ते आलं नाही. नट नसलेलं, कशानंही न धरलेलं चाक आपल्या जागी बसून राहिलं. मी जन्मात इतका अपमानित झालो नव्हतो.

कारण मीच आहे. आमच्याकडे नळ दहा दिवसांनी येतो, म्हणून दर शुक्रवारी नमाजाआधी मी गाडी बोअरच्या खाऱ्या पाण्यानं धुतो आणि चाकं तर खास घासतो. वापरलेली गाडी आहे, म्हणून निदान स्वच्छ असावी, हा माझा बाणा. तीन वर्षं त्या खाऱ्या पाण्यानं चाकाच्या मागे गंज धरला आणि चाक हबला, म्हणजे ज्या लोखंडी बैठकीवर ते बसतं तिला, चिकटून बसलं. मी तीन वर्षं त्याची काळजी घेत होतो, साहेबराव. कुणाचीही काळजी घेताना आपण पाणी कुठलं वापरतो ते पाहत नाही.

आबा टपरीच्या बाकड्यावर बसले, पिशवी मांडीवर घेऊन. झुंबरबाईंनी त्यांना चहा दिला आणि मला सल्ला. "लाथ घाला मास्तर. लाथंबिगर काही हालत न्हाई या दुनियेत." मी मास्तर नाही, ग्रंथपाल आहे हे सांगितलं. "मंग तर हालणारच न्हाई," म्हणाल्या.

एवढ्यात एमआयडीसीत लोखंडाचं भंगार टाकून रिकाम्या टेम्पोनं परतणारा वसंता म्हणून एक जण थांबला. यानं खरोखर लाथ घातली. चाक राहिलं जागेवर. त्याची चप्पल मात्र रस्त्यापलीकडच्या सोयाबीनमध्ये गेली आणि गाडी जॅकवर अशी डुलली की मी कलमा म्हणून टाकला. चप्पल शोधण्यात वीस मिनिटं गेली. (ही वीस मिनिटं मी कुणाच्या खात्यावर टाकावीत हे अजून ठरलेलं नाही.) मग त्यानं दगडानं ठोकलं. मग मी ठोकलं. मग झुंबरबाईंनी भज्याच्या कढईतलं थंड तेल पळीनं हबवर सोडलं, त्यावर वसंताच्या सांगण्यावरून किटलीतलं आधण ओतलं, आणि सगळ्या फाट्यावर भज्यांचा वास सुटला. एक मोटरसायकलवाला थांबून दोन प्लेट मागून गेला.

तुझे फोन येत होते. मी नंतर सांगितलं तसं, तिथं रेंज नव्हती.

सव्वा झाला, दीड झाला. मी घामाघूम होऊन आबांना म्हणालो, "आबा, गाडी चुकणार वाटतं." ते म्हणाले, "तू करून राह्यला ना. करू दे त्याला, झुंबर, मधी बोलू नको." इतक्या मायेनं म्हणाले की मी आणखी जोरानं ठोकायला लागलो. वसंतानं जाता जाता विचारलं, "बाबा, चालले कुठं?" आबा म्हणाले, "पोराकडं. नवव्या मजल्यावर." "मज्जाय मंग," वसंता म्हणाला. आबांनी चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

दोन चाळीसला त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग पिशवी बाकड्यावर ठेवली, टोपी सारखी केली आणि उठून आले. "जॅक खाली घ्यायच्या आधी नट लाव. हातानं. मंग एकेक आटा ढिला ठेव." मी केलं. "आता जॅक काढ. गाडीत बस. दोन हात म्होरं घे अन् गचकन ब्रेक दाब. मंग मागं. तसंच." पुढे घेतली, ब्रेक दाबला. मागे घेतली, ब्रेक दाबला. 'टक' असा आवाज झाला, सुपारी फुटावी तसा. पुन्हा जॅक लावला तर चाक दोन बोटांनी हातात आलं. सगळं मिळून चार मिनिटं. एकतीस वर्षं एसटीच्या डेपोत चाकं काढलेला माणूस. त्याच्यासमोर मी सव्वादोन तास दगड घेऊन बसलो होतो.

झुंबरबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हातारबा, हे आधी सांगाया जिभंला गंज चढल्ता का?"

"मला कोणी इचारलं का?" आबा म्हणाले.

वयामुळे उशिरा आठवलं असणार. परतीच्या वाटेवर त्यांनी पिशवी मांडीवरच ठेवली. परतीची वाट म्हणजे गावाकडची. गाडी गावाकडे वळली, असं डायरीत लिहिलं आहे. गाडी मी वळवली, असं लिहायला हवं. कुलूप त्यांनी एकाच दमात उघडलं.

तर असा तो प्रकार. चाकाचा दोष, पाण्याचा दोष, आणि त्याहून जास्त माझा. पुढचं तिकीट काढशील तेव्हा कळव. मी आबांना वेळेवर पोचवीन. वहिनींना सलाम, छकुलीला आशीर्वाद.

तुझा,
मुजाहिद

ता. क. रेंज होती. दोन काड्या होत्या. तुझे सात फोन आले आणि मी मोबाईल उलटा करून सीटवर ठेवला.

ता. क. दुसरा. हेही लिहिल्याशिवाय पाकीट चिकटवता येत नाही. सव्वाला बाकड्यावर ऊन आलं म्हणून मी आबांना सावलीत सरकायला हात दिला, तेव्हा त्यांच्या मांडीवरच्या लाल पिशवीची चेन उघडी होती. आत माईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला त्यांचा डेपोतला पाना आणि लाकडी हातोडा होता. नवव्या मजल्यावर न्यायला. मी पाहिलं ते त्यांनी पाहिलं. मी परत दगड उचलला. म्हणजे उशिरा आठवलं हे खरं नाही.

माझ्याबद्दलही तेच. आपण अकरावीत असताना डबा घेऊन डेपोत गेलो होतो, आठवतं? एका बसचं चाक अडकलं होतं आणि आबा ड्रायव्हरला ओरडले होते, "गाडीचं वजन हाय ना, त्यालाच काम सांग!" रविवारी मला ते आठवलं नाही, असं मी डायरीत लिहिलं होतं. मग ते वाक्य खोडलं. कधी आठवलं ते विचारू नकोस, पण दोन चाळीसच्या आधी.

तू चुकीचा नाहीस. उद्या ते पुन्हा पडले तर अर्धी चूक माझ्या नावावर राहील, आणि मला रोज पहाटे दूधवाल्याच्या वेळी जाग येते. पण तिकीट काढलं तू, न्यायला गेलो मी, आणि त्यांना कोणी विचारलं का? तू ये. फोन नको. ओट्यावर बसून त्यांना विचार. 'येतो' म्हणाले तर मी स्वतः सोडीन. 'नाही' म्हणाले तर न्हाणीचं काय करायचं ते आपण तिघं मिळून ठरवू.

ता. क. तिसरा, रविवार. पत्र आठवडाभर टेबलावरच राहिलं. आज सकाळी आबा एसटीनं एकटेच आमच्याकडे आले, लाल पिशवी घेऊन. म्हणाले, बाकीची तीन चाकंही अशीच धरली असतील, काढून ग्रीस लावायला पाहिजे. एक चाक झालं. आणखी दोन आजच होतील म्हटलं, तर "घाईचं काम न्हाई, रविवारी एक" म्हणाले. नसरीननं जेवू घातलं. जाताना पाना इथंच ठेवून गेले.

दोन चाकं उरली आहेत. स्टेपनी धरून तीन. तेवढ्या रविवारांच्या आत ये.