सुमंगलेच्या वाटचं ताट

देवास,
अधिक ज्येष्ठ, शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप अक्कासाहेबांच्या पायांशी गणोजीचा देवासहून दंडवत पोहोचावा.

इकडे सर्व क्षेम आहे. तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडल्याचं समजलं, जिवाला बरं वाटलं. तिकडे धारेत ऊन कडक असेल, काळा चष्मा लावल्याशिवाय ओट्यावर बसू नये. डॉक्टरांनी वाचायला मनाई केली असणार, म्हणजे हे पत्र नातच वाचून दाखवत असेल. (कृतिका बेटा, कंसातला मजकूर आजीला वाचून दाखवायचा नाही. मराठी वाचताना तू तशीही अडखळतेस, तेव्हा कंस आला की अडखळल्यासारखं करायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं.) फोन करता आला असता. पण फोन उचलल्याबरोबर तुम्ही विचारता, जेवलात का, आणि मला नेमकं त्याच विषयावर बोलायचं आहे. तो विषय फोनवर निघाला की माझा आवाज घोगरा होतो आणि तुम्हाला वाटतं सर्दी झाली. म्हणून लिहायला बसलो.

गेल्या आषाढात तुमची धाकटी बहीण गेली, माझी सुमंगला. तेरावं उरकून तुम्ही धारेला निघालात तेव्हा दारात उभ्या राहून मला सांगितलंत की वर्षश्राद्ध होईपर्यंत रोज जेवणाआधी तिच्या नावाने पान काढायचं आणि गाईला घालायचं. किती काढायचं ते तुम्ही सांगितलं नाही, आणि त्या दिवशी मलाही विचारायचं सुचलं नाही. लोक चार घास काढतात हे मला नंतर कळलं. मी पूर्ण ताट वाढत राहिलो. वरणभात, वर तूप, पोळ्या, भाजी, चटणी, लिंबाची फोड, आणि शेव, कारण शेवेशिवाय ताट वाढलं तर माळव्यात त्याला कोणी ताट म्हणणार नाही. स्वयंपाक मी तिच्याच पातेल्यांत करतो, तिच्याच वाटीने तांदूळ मोजतो, त्यामुळे होतो तो दोघांचाच होतो. तिला दुसऱ्यांदा भात लागायचा, म्हणून मी तिच्या ताटात दुसऱ्यांदाही वाढायचो. सणाला पुरणपोळी, थंडीत गराडूचे कंद, पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, रविवारी तुपात बुडवलेले कणकेचे बाफले. तिचं काही कमी पडू दिलं नाही.

ही गाय आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या तुकारामची. दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. दिवाळीनंतर एक दिवस तुकाराम सकाळीच दारात येऊन उभा राहिला. गाय दोन दिवस रवंथ करत नव्हती, पोट फुगलं होतं, जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावं लागलं होतं. तो म्हणाला, "भियाजी, आमच्या गाईला अफारा झालाय. डॉक्टरसाब बोले, घी-बाफले बंद करो. आता तुमचं ताट नका आणू, हात जोडतो." थोडक्यात, डॉक्टरांनी पथ्यावर आधी गाय घातली, माझी पाळी मागाहून आली. गाईने काही दिवसांत पथ्य पाळून दाखवलं, ती आता टुणटुणीत आहे. मी रोज तिच्यासमोरून जातो आणि ती तोंड फिरवते.

आता प्रश्न ताटाचा होता. दुसरी गाय जवळपास नाही. कुत्र्याला घालायला मन झालं नाही, टाकून देणं तर शक्यच नव्हतं. म्हटलं, तिच्या नावाचं आहे म्हणजे प्रसादच झाला, आणि आपल्या घरात प्रसाद कोणी टाकत नाही. तेव्हापासून आधी माझं ताट मी माझं म्हणून जेवतो आणि नंतर तिचं ताट प्रसाद म्हणून जेवतो. (कृतिका, हे वाचून झालं की आजीला पाणी दे. आजवर तिला वाटत होतं ताट गाईलाच जातं.)

परिणाम व्हायचा तो झाला. माणूस दुःखाने खंगतो अशी सर्वांची समजूत असते, आणि मी दुःखाने फुगलो. सदऱ्याची बटणं एकेक करून साथ सोडायला लागली. संक्रांतीनंतर मनावर गावाहून आपले विक्रमसिंहदादा भेटायला आले. सुमंगला गेल्यापासून त्यांना यायला जमलं नव्हतं, म्हणून ते गंभीर चेहरा करूनच रिक्षातून उतरले. पण मला दारात पाहिल्याबरोबर त्यांच्या तोंडून निघून गेलं, "गणोजीराव, कौनसी चक्की का आटा खा रहे हो?" मग त्यांना आठवलं की आपण समाचाराला आलो आहोत. त्यांनी घाईघाईने डोळ्यांना रुमाल लावला. मीही लावला. मग जेवायला बसलो, आणि त्यांनी दोन वेळा भात घेतला. जाताना शेजाऱ्यांना सांगून गेले की गणोजी आता सावरला आहे. अक्कासाहेब, मला तेव्हा फार एकटं वाटलं. पोट दिसतं म्हणून कोणी आत काय चाललंय ते विचारतच नाही.

चैत्रात जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई अगदी तरुण आहेत, अंकिता नाव, इथल्याच. त्यांनी सोनोग्राफी करवली आणि सांगितलं की लिव्हरवर चरबी चढली आहे, बरीच चढली आहे, हे असंच चालू राहिलं तर लिव्हर आतून कडक होत जातं आणि मग मागे फिरता येत नाही. मग विचारलं, दारू घेता का? मी आयुष्यात थेंब घेतला नाही. आमच्या घराण्यातल्या लग्नांत सगळे मंडपामागे जात तेव्हा चपला सांभाळायला मला बसवत, आणि शेवटी ही चरबी माझ्याच वाट्याला यावी. बाई म्हणाल्या, ती न पिणाऱ्यांनाही होते, गोड, मैदा, तूप, तळण आणि बसून राहणं एवढं पुरतं. तळलेलं किती खाता? मी म्हणालो, अजिबात नाही, फक्त शेव. त्या देवासच्याच असल्यामुळे त्यांना ते समजलं, त्यांनी नुसतं लिहून घेतलं. मग विचारलं, एका वेळी किती जेवता? मी म्हणालो, एक ताट. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. मी म्हणालो, आणि एक बायकोचं. त्या थोड्या रागावूनच बोलल्या की आँटींचं जेवण तुम्ही का खाता, त्या काय खातात मग? मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. नंतर हळूच म्हणाल्या, अंकल, दुसरं ताट बंद करावं लागेल, वजन हळूहळू उतरलं तर लिव्हर पुन्हा ठीक होऊ शकतं, अजून वेळ गेलेली नाही.

पुण्याहून वैभवीने ओट्स पाठवले, दुधी कसा उकडायचा ते फोनवर शिकवलं. लेक आहे, तिला बापाची काळजी वाटणारच. मी दुधी उकडला, माझ्या ताटात वाढला. पण तोच सुमंगलेच्या ताटात वाढायला हात होईना. दुधी पाहिला की तिचा चेहरा कसा व्हायचा ते तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. मेल्यावर तिला तिच्याच घरात दुधी वाढायचा म्हणजे फार झालं. म्हणून तिच्या ताटात साधं नेहमीचं, वरणभात, तूप, बटाट्याची भाजी. मग मी आधी डॉक्टरांची आज्ञा म्हणून दुधी खायचो आणि नंतर प्रसाद म्हणून तिचं ताट संपवायचो. टेकडीवर फिरायलाही जायला लागलो. वर देवीला नमस्कार करून खाली उतरलं की पायथ्याशी कचोरी तळत असतात, आणि चालून आलेल्या माणसाला भूक लागते. महिन्याने वजन केलं तर आणखी वाढलेलं. बाई म्हणाल्या, पथ्य करून वजन वाढवणारा पेशंट मी पहिल्यांदा पाहते आहे.

मी त्यांना वर्षश्राद्धापर्यंत मुदत मागितली. त्यांनी आषाढ कधी येतो ते मोबाईलमध्ये पाहिलं आणि बरं म्हणाल्या. मग मला सांगावं लागलं की यंदा अधिक मास आहे, गुरुजींनी एक मासिक श्राद्ध जास्तीचं सांगितलं आहे, म्हणजे एक महिना आणखी. अक्कासाहेब, अधिक मास आहे हे कळलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी तिच्या ताटात श्रीखंड वाढलं. बाई मात्र नाही म्हणाल्या. लिव्हर पंचांग पाहत नाही, असं त्या अगदी नरमाईने बोलल्या.

आता तुम्हाला खरं सांगतो. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आधी पुरुषांची पंगत, मग मुलं, मग बायका. आम्ही दोघंच राहायला लागलो तरी ती रीत सुटली नाही. ती मला गरम वाढायची, मी जेवून उठायचो, मग ती स्वयंपाकघरात पाट घेऊन बसायची, आणि तोपर्यंत मी ओसरीवर पेपर वाचत असायचो. तिने कधी तक्रार केली नाही, मलाही त्यात वावगं वाटलं नाही, सगळ्या घरांत तसंच होतं. पण या वर्षात आमची ताटं रोज शेजारी शेजारी वाढली गेली. संसारात पहिल्यांदाच. मी तिच्याशी बोलतो, भाजीत मीठ जास्त झालं तर माफी मागतो. तिच्या ताटातला घास घेताना वाटतं ती आता जेवते आहे. दिवसभर मला तिची आठवण येत नाही, आली तरी कामात निघून जाते, पण जेवायच्या वेळेला येते आणि मला ती यायला हवी असते. लिव्हर बरं करायचं तर तेवढंच बंद करायचं आहे.

असो. काळजीचं कारण नाही. मी मन घट्ट करून कालपासून दुसरं ताट पूर्ण बंद केलं आहे. आता हलकं वाटतं आहे, रात्रीचं जेवणही लवकर आटोपतो. वर्षश्राद्धाला आपण सर्वांनी यावं, तिथी गुरुजींना विचारून कळवतोच. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
गणोजी

ता. क. येताना डिंकाचे लाडू आणू नयेत, बाईंनी सक्त मनाई केली आहे. केलेच असतील तर थोडे आणावेत, आलेल्या लोकांना लागतात.

ता. क. वैभवीचा फोन आला तर बाबांनी दुसरं ताट बंद केलं एवढंच सांगावं. पोर लांब आहे, तिला झोप लागत नाही.

ता. क. ताट बंद केलं नाही. कालपासून मी ते फक्त खायचं बंद केलं आहे. काल संध्याकाळी तुकारामच्या बायकोने येऊन घरी खायला म्हणून परातीत ओतून नेलं, ते मला बघवलं नाही. आजचं सकाळपासून तिच्या पाटासमोर वाढलेलं आहे, आता दिवेलागण झाली, भात वाळून गेला. माझ्याने खाववत नाही आणि उचलवतही नाही. तुमची आई गेल्यावर तिला तुम्ही भरवलंत, ती तुमच्या हातची होती. श्राद्धाची वाट पाहू नका, अक्कासाहेब. डोळा बरा झाला की कोणालातरी सोबत घेऊन लवकर या, आणि तिचं ताट तुमच्या हाताने उचला.